पाठ लागली नव्हती

माझ्या डोक्यावर डाव्या कानापासून वर जाऊन मागे वळणारा एक व्रण आहे. केस वाढवले तरी तिथे आपोआप भांग पडतो. न्हावी विचारतो, "भाऊ, अपघात का?" मी सांगतो, अपघात नाही, यात्रा.

मी भरत. गाव महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. घरची मेंढरं होती, आता थोडी उरलीत; बाकी शेती. मी बॉक्सिंग खेळायचो, हेवीवेट. "खेळायचो" हा शब्द मला आता खटकतो. खेळ म्हटलं की कुणीतरी शिट्टी वाजवून थांबवणारं असतं. मला थांबवणारं कुणी नव्हतं. म्हणून माझ्या मेंदूवर रक्त साकळलं, कवटी उघडावी लागली, आणि मला माझी भाषा पुन्हा शिकावी लागली.

ज्यांच्या घरात कुणी डोक्याला मार लागून पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आणि जे फक्त टाळ्या वाजवतात, त्यांच्यासाठी तर नक्कीच. माझं मागणं एकच आहे. मार अतोनात झाला की मध्ये पडा. त्याची पाठ लागायची वाट बघू नका.

फेटा

आमच्याकडे यात्रेला कुस्त्यांचा फड असतो. कुस्तीचा नियम शेंबड्या पोराला माहीत: पाठ मातीला लागली की हरला, नाही लागली तर नाही. हा नियम कुस्तीला ठीक आहे. पण शेजारच्या एका गावच्या कमिटीला हौस आली की यंदा बॉक्सिंग ठेवू, पब्लिक खेचतं. फडाच्या मधोमध बांबू रोवून दोर बांधले. पंच कुस्तीचा. माझा वस्तादही मुळात पैलवानच. बॉक्सिंग त्याने पुण्यात थोडं शिकून आम्हा चार पोरांना शिकवलेलं.

बॉक्सिंगमध्ये जबर ठोसा लागला तर शहाणा बॉक्सर एक गुडघा टेकतो. पंच आकडे मोजतो, तेवढ्यात डोकं ताळ्यावर येतं, मग उठायचं. त्यात लाज काही नाही. ही गोष्ट वस्तादाने मला एकदा सांगितली होती आणि लगेच म्हणाला होता, "पर आपल्याकडं गुडगा टेकू नको. लोकं थुकत्याल."

समोर जुन्नरकडचा मंगेश. माझ्याइतकाच धिप्पाड, पण हात माझ्यापेक्षा लांब. पहिला राउंड मी घेतला. दुसऱ्यात त्याचा उजवा हुक माझ्या कानशिलात बसला आणि हलगीचा आवाज एकदम बंद झाला. हलगी वाजतेय हे दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. दोर पाठीला रुतला होता. तोंडात रक्ताची खारट चव होती. मंगेशचा ग्लोव्ह येताना दिसायचा आणि हात वर करायचा निरोप हाताला पोचायचाच नाही. नाकातून रक्त छातीवर, छातीवरून चड्डीवर. पब्लिक एका सुरात ओरडत होतं, "पाठ नाय! पाठ नाय!" मी खाली गेलो नाही. शेवटच्या राउंडची घंटा झाली तेव्हा मी उभा होतो. पंचाने दोघांचे हात वर केले. बरोबरी! कारण काय, तर पाठ लागली नव्हती.

मग कमिटीने मला फेटा बांधला. आत कवटीखाली रक्त साचायला लागलं होतं आणि वरून हे लोक करकचून फेटा आवळत होते. मला खांद्यावर घेतलं. कुणीतरी कानाजवळ हलगी धरली. आता मात्र ऐकू आली.

पित्त

घरी आलो, मटणभाकरी खाल्ली, ओकलो. आई म्हणाली, "पित्त खवळलंय. दिसभर उन्हात व्हता." आमसुलाचं पाणी दिलं, तेही ओकलो. डोकं फुटेल असं दुखत होतं. दादा, माझा थोरला भाऊ सुभाष, म्हणाला, "एवडा मार खाल्ल्यावर डोकं दुखणारच की. झोप."

झोपलो. सकाळी मी जोरजोरात घोरत होतो. आई शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "लई दमलाय. कवा न्हाई ते घोरतोय."

हे घोरणं नीट लक्षात ठेवा. डोक्याला मार बसलेला माणूस ओकत असेल, त्याला जाग येत नसेल, तो कधी नव्हे ते असा घोरत असेल, तर ती झोप नसते. तो बुडत असतो. माझ्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत नाही, पंचायतीत नाही, यात्रेच्या माईकवरून तर नाहीच. त्या माईकवरून दिवसभर देणगीदारांची नावं सांगायला मात्र वेळ होता.

दादाने चहासाठी हलवलं. मी डोळे उघडले आणि काहीतरी बोललो. दादा सांगतो, त्यातला एकही शब्द मराठी नव्हता. उजवा हात लटकत होता. एका डोळ्याची बाहुली मोठी, एका डोळ्याची बारीक. तो किंचाळला तेव्हा आईच्या हातातली दुधाची कासंडी पडली.

विळा

पिकअपच्या हौद्यात गोधडीवर घालून मला मंचरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि लगेच स्कॅनला पाठवलं. नंतर त्यांनी दादाला पडद्यावर चित्र दाखवलं. अर्धं अक्रोड दाबून बाजूला सारलेलं, आणि कडेने विळ्यासारखी पांढरी पट्टी.

"हे पांढरं रक्त आहे. मेंदूला दाबतंय. आत्ताच्या आत्ता पुण्याला."

दादा म्हणाला, "सायेब, पर त्यो हरला नाय."

हे वाक्य दादा आजही विसरू शकत नाही. डॉक्टरांना वाटलं असेल, भाऊ मरायला टेकलाय आणि हा निकाल सांगतोय! पण मला त्याचा राग येत नाही. आमच्या दोन तालुक्यांत धडधाकट असण्याचा तो एकच पुरावा आम्हाला शिकवलाय.

अँब्युलन्स चाकणच्या गर्दीत अडकली. दादा उतरून ट्रकवाल्यांच्या बोनेटवर थपडा मारत, शिव्या देत पुढे पळत होता. एका ड्रायव्हरने त्याला ढकललं, दादाने त्याची कॉलर फाडली, आणि त्याच ड्रायव्हरने आत वाकून मला पाहिल्यावर स्वतः उतरून वाट करून दिली. ही हकिगत दादाने मला इतक्या वेळा सांगितलीय की ती मला स्वतःची आठवण वाटते.

ताक

शुद्धीवर आलो तेव्हा डोकं भादरलेलं, पट्ट्या बांधलेल्या, नाकात नळी. उशीवर मान वळवली की कवटीत विटा सरकल्यासारखं व्हायचं. नर्स रोज तेच विचारायच्या. नाव काय? कुठे आहात? हे काय आहे?

त्यांनी पेन दाखवलं. मला पेन माहीत होतं. मी म्हणालो, "ताक."

घड्याळ? "ताक." आई? मी आईकडे बघितलं, सगळा जीव गोळा केला आणि म्हणालो, "ताक."

आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. दादा माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "बरं हाय. मला ताक म्हन, आयला ताक म्हन. वहिनीला तेवडं म्हनू नको, रागावंल." मी हसलो. हसलो की टाके ओढायचे. तरी हसलो.

ही भीती वेगळी असते. मी मार खायला कधी घाबरलो नव्हतो. पण शब्द तोंडाशी येऊन दुसराच निघतो तेव्हा आपल्या घरात परकं माणूस शिरल्यासारखं वाटतं. मी चिडायचो. डावा हात चालत होता, त्याने एकदा जेवणाचं ताट भिरकावलं. वरण भिंतीवर आणि सफाईच्या मावशींच्या अंगावर. मावशी म्हणाल्या, "मार मार, अजून येक मार. हात चालतोय म्हंजी घरी जाशील." आणि पुसायला लागल्या.

घरचे कसे मोडतात तेही सांगतो. आई दादाला बोलायची, तू का झोप म्हणालास. दादा आईला, तू का पित्त म्हणालीस. वहिनी दोघांना धरून गप्प करायची. सगळे अपराध आपसात वाटून घेत होते. ज्यांनी दोर बांधले, पंच नेमला, फेटा बांधला, त्यांच्यापैकी एकालाही झोप लागेनाशी झाली नव्हती.

एक दिवस मंगेश आला. हातात केळी. दारातच दादाने त्याची मानगूट धरली आणि भिंतीवर आपटला.

"हात उचल की! आता का नाय उचलत? उचल!"

दादा त्याला थोबाडीत मारत होता. मंगेश, माझ्याएवढा गडी, हात खाली सोडून उभा. त्याचा ओठ फुटला. केळी पायाखाली चेंगरली. वॉर्डबॉयने दादाला ओढून काढलं तेव्हा मंगेश एवढंच म्हणाला, "दादा, मला वाटलं पंच थांबवंल. मी त्याच्याकडं बगत व्हतो."

तो खरं बोलत होता. नंतर दादाच्या फोनवर मी त्या बाउटचा, म्हणजे आमच्या लढतीचा, व्हिडिओ बघितला. कुणीतरी त्याला गाणं लावून, माझ्या नावापुढे वाघ लिहून फिरवला होता. मंगेश प्रत्येक ठोशानंतर मान वळवून पंचाकडे बघतोय. पंच माझ्या पायांकडे बघतोय. आणि मी? मी वाघ वगैरे काही नाही. मी गोठ्यातला खांब. माझं तोंड उघडं आहे, डोळे कुठेच बघत नाहीत, मान प्रत्येक ठोशाला खिळखिळ्या दारासारखी हलतेय. हे बघून हजार माणसं नाचतायत.

नाव

घरी आल्यावर सुरुवातीला लोक दर्शनाला यावेत तसे आले. "गडी पाठ लावून घेत न्हाई!" मग मी बोलायला तोंड उघडायचो. वाक्य मध्येच अडकायचं. पाहुणे चहाकडे बघायचे.

खेळाच्या कोट्यातून भरतीची खटपट चालली होती, ती गेली. डोकं उघडलेला माणूस कोण घेणार? शिनोलीची सोयरीक जमत आली होती, तीही मोडली. मुलीच्या मामाने दादाला हळूच सांगितलं, "पोरगा चांगला हाय वो, पर डोक्यात फरक पडलाय म्हनत्यात." फेटा बांधणाऱ्यांचीच ही जीभ.

आणि मंगेशचं? त्याचे आधी फ्लेक्स लागले, त्यावर लालभडक अक्षरांत "किलर". मी जिवंत राहिलो याची छापणाऱ्याला थोडी निराशाच झाली असावी. पण त्यानंतर मंगेशने मनापासून ठोसा मारलाच नाही. समोरचा डगमगला की हा हात आखडता घ्यायचा. ओळीने हरला. मग तेच लोक म्हणायला लागले, नरम पडला, बायल्या झाला.

एका बाउटने दोन हेवीवेट खाल्ले, असं मी म्हणतो. एकाचं डोकं गेलं, दुसऱ्याचा हात गेला. आणि आयोजकांचं काय गेलं? पुढच्या वर्षी त्यांनी मंडप वाढवला.

जोड

पुढची यात्रा जवळ आली तशी कमिटीची माणसं वस्तादाला पुढे घालून आमच्या ओट्यावर आली. मंगेशची आणि माझी जोड पुन्हा लावायची होती. नुसती दाखवायला, हलक्या हाताने.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा असा मार लागला तर आणायची घाई करू नका. मी ते कमिटीला सांगितलं. अडखळत, पण सांगितलं.

त्यांचा म्होरक्या म्हणाला, "डाक्टर काय, सगळ्यांनाच भ्या दावत्यात. तुजं नाव हाय राव. त्या नावाचं काय?"

वस्ताद खाली बघत म्हणाला, "पाठ तर लागली नव्हती तुजी, भरत."

"नव्हती, वस्ताद," मी म्हणालो. "पाठ शाबूत हाय. डोकं फुटलं."

आई आतून आली. तिच्या हातात मेंढरं हाकायची काठी होती. ती म्हणाली, "चा पिऊन जावा, न्हाईतर तसंच जावा. पर जावा." ते तसेच गेले. वस्ताद शेवटी उठला. त्याने चप्पल घालायला फार वेळ लावला.

मी नाही म्हटल्यावर त्यांनी मंगेशसमोर बाहेरचा एक ताजा, दणकट बॉक्सर ठरवला. पंच तोच.

मी पत्रकं काढली. कॉलेजात असताना पाण्यासाठी, एसटीसाठी काढायचो, तशीच. डॉक्टर हजर ठेवा. बॉक्सिंग जाणणारा पंच ठेवा. गुडघा टेकणं ही हार नाही. माणूस स्वतःला वाचवू शकत नसेल तर बाउट थांबवा. यात्रेत उभा राहून वाटली. डोक्याला जपायचं म्हणून हेल्मेट घालून गेलो होतो. पोरं ओरडली, "बुलेट कुठं लावली, राव?" एकाने माझ्यासमोर पत्रकाचा पुडा करून त्यात भेळ घेतली. "लई झ्याक लागती ह्याच्यावर," म्हणाला. मी त्याला आणखी दोन दिली. म्हटलं, तिखट पुसताना तरी वाचशील.

ऊन कलायच्या आत बाउट सुरू झाली. मंगेशने पहिल्या राउंडला एक चांगला ठोसा मारला, समोरचा हलला, आणि मंगेश थांबला. मला दिसलं तो थांबलेला. समोरच्याने ते हेरलं. त्यानंतर तो मंगेशला कुटतच सुटला. भुवई फाटली. डोळा रक्ताने बुजला. मंगेश दोराला टेकला, हात खाली आले, तोंड उघडं पडलं. त्याची मान हलायला लागली.

ती मान मी ओळखत होतो.

"थांबवा!" मी ओरडलो. "टॉवेल टाका!" कोपऱ्यातून टॉवेल पडला की बाउट थांबते, पण त्याच्या कोपऱ्यातला माणूस फोनवर शूटिंग करत होता. पब्लिकने सूर धरला, "पाठ नाय! पाठ नाय!" पंच पायांकडे बघत होता.

मी दोरांकडे धावलो. माझा उजवा पाय अजून पुरता उचलत नाही. दोर छातीएवढा उंच वाटला. तेवढ्यात कुणीतरी खालचा दोर पायाने दाबला आणि वरचा खांद्याने उचलून धरला. आपला बॉक्सर आत जाताना कोपऱ्यातला माणूस करतो, अगदी तसं. वस्ताद होता. माझ्याकडे बघत नव्हता.

आत शिरलो आणि मंगेशला मिठी मारली. एक ठोसा माझ्या पाठीत बसला, एक बरगडीत. मी सोडलं नाही. त्याच्यासकट गुडघ्यावर आलो, मग त्याला उताणा घातला. पाठ लावली मी त्याची. भर फडात, हजार माणसांसमोर.

मग जे सुटलं ते सुटलं. खुर्च्या आल्या, चपला आल्या. एक नारळ हेल्मेटवर फुटला आणि पाणी माझ्या डोळ्यांत गेलं. कमिटीच्या म्होरक्याने माझा शर्ट गळ्यापासून फाडला. दादा मधे घुसला, त्याचा एक दात गेला. वस्तादाने, साठीच्या म्हाताऱ्याने, दोघांना लंगी मारून मातीत घातलं आणि आम्हाला पिकअपपर्यंत वाट काढून दिली.

दादाने गाडी मंचरच्या दिशेने पिटाळली. मागे हौद्यात मी आणि मंगेश. तो भानावर आला तो माझ्या अंगावर धावूनच.

"भरत्या, भाड्या, माजी बाउट तू कोन थांबवनारा? शेवटचा राउंड राहिला व्हता माजा! पाठ लावली तू माजी! गावात तोंड कसं दावू आता?"

मी ऐकत होतो. पूर्ण वाक्यं. कर्ता, कर्म, क्रियापद, शिवी, सगळं जागच्या जागी. पण मला माहीत होतं, मीही त्या दिवशी घरी जाऊन नीट बोललो होतो, मटणभाकरी मागून घेतली होती. म्हणून मी त्याला झोपू दिलं नाही. तो गप्प झाला की मी त्याला डिवचायचो, "तसाही हरलाच असतास." तो पुन्हा सुरू व्हायचा. माझ्या आईवरून, माझ्या मेंढरांवरून, माझ्या हेल्मेटवरून. एकदा तो बराच वेळ बोलला नाही तेव्हा मी त्याच्या फुटलेल्या भुवईवर बोट दाबलं. अशी शिवी दिली की दादाने पुढून विचारलं, "बरा हाय का?"

"बरा हाय," मी म्हणालो.

दवाखान्यात त्याला स्कॅनला घेतलं. आम्ही बाकावर बसलो, दादा रुमालात दात धरून, मी फाटक्या शर्टात. डॉक्टर तेच होते. बाहेर आले आणि म्हणाले, "आत रक्त नाही. एक दिवस इथे ठेवू. आणि बॉक्सिंग बंद, निदान काही महिने."

मी आत गेलो. नर्स कॉटपाशी उभ्या राहून मंगेशला विचारत होत्या, नाव काय, कुठे आहात, हे काय आहे. पेन दाखवत होत्या.

"पेन हाय," मंगेश खेकसला. "आन् ह्यो जो दारात हुबा हाय ना, त्याला बाहेर काढा."

मी बाहेर जाऊन बसलो.